पावशेर काय खातो

आमच्या कुत्र्याने झुरळ खाल्लं ही काही जगाने दखल घ्यावी अशी घटना नव्हती. पण ते त्याने माझ्या देखत, माझ्याच बुटातून निघालेलं, आणि खाताना सरळ माझ्या डोळ्यांत बघत खाल्लं. म्हणून मला दखल घ्यावी लागली. मी ऑफिसला निघालो होतो. एक बूट पायात होता, दुसरा झटकत होतो. त्यातून झुरळ पडलं, क्षणभर दिशा ठरवत थांबलं, आणि तेवढ्यात पावशेरने त्याच्यावर पंजा ठेवला. मग कुर्रर्र असा आवाज आला. तो आवाज दिवसभर माझ्या कानात राहिला. दुपारचा डबा मी तसाच परत आणला.

पावशेर हा अप्पांचा कुत्रा. अप्पा म्हणजे माझे वडील. वजनमापे खात्यातून निरीक्षक म्हणून निवृत्त झालेले. दुकानात अप्पा शिरले की दुकानदाराच्या आधी त्याचा तराजू घाबरायचा, असं त्यांच्या खात्यात म्हणायचे. अशाच एका दुकानाच्या फळीखाली त्यांना हे पिल्लू सापडलं. त्यांनी ते उचलून आधी पारड्यात ठेवलं, कारण कुठलीही वस्तू हातात आली की तिचं वजन करायचं हा त्यांचा स्वभाव. पिल्लू पावशेर भरलं, असं ते सांगतात. माझा विश्वास नाही, पण नाव तेच पडलं. पुढे त्याचं वासरू झालं. अंगावर इतके केस, की नुसते केस तोलले तरी चांगले दोन शेर भरतील. आई गेल्यावर अप्पा आमच्याकडे राहायला आले, ते एक ट्रंक, एक पितळी तराजू आणि हा कुत्रा घेऊन.

"अहो, त्यानं झुरळ खाल्लं?" बायकोने विचारलं.

"खाल्लं."

"आणि मग तुमचा हात चाटला?"

"चाटला असेल."

"आणि तोच हात तुम्ही आत्ता माझ्या खांद्यावर ठेवलात!" एवढं बोलून ती साबणाने खांदा धुवायला गेली.

अप्पा मात्र शांत होते. "खाऊ दे रे. माझ्या हातनं दोन वेळचं मोजून खातो तो. वरचं जे काही खातो ते हौसेनं. माणूस नाही का जेवण झाल्यावर सुपारी चघळत?"

पावशेरचं खाणं हे अप्पांचं खातं होतं. सकाळ-संध्याकाळ स्वयंपाकघराच्या ओट्यावर तो पितळी तराजू मांडायचा, दार लोटून घ्यायचं, कुत्र्याच्या खाण्याचे दाणे वजन करून द्यायचे, कमी नाही की जास्त नाही. "मापात पाप नको," असं म्हणत ते बाहेर यायचे. बायकोने एकदा आपल्या हाताने पावशेरला मूठभर दाणे घातले, तर अप्पा दोन दिवस तिच्याशी एका शब्दाच्या उत्तरांनी बोलत होते. तेव्हापासून त्या वेळी स्वयंपाकघरात कुणी जायचं नाही, असा अलिखित कायदाच झाला. अप्पा हल्ली थोडं विसरायचे. चष्मा, दिवस, बायकोला विचारलेला प्रश्न. पण वय झालं की एवढं चालायचंच. आणि तराजूपाशी त्यांचा हात अजूनही असा ठाम, की बघत राहावं.

मी विमा कंपनीत दावे तपासतो. कुठलीही गोष्ट शहानिशा केल्याशिवाय मान्य करायची नाही, आणि शहानिशा झाल्यावर शक्यतो नामंजूर करायची, हे माझ्या हाडात मुरलेलं आहे. तेव्हा 'कुत्र्याने किडे खाल्ले तर चालतं का' या प्रश्नाचा छडा लावायचं मी ठरवलं. कारण प्रकरण वाढत चाललं होतं. झुरळानंतर पावशेर माशांवर आला. मग दिव्याखाली पडलेले पतंग. मग गॅलरीतल्या कुंड्यांमधला नाकतोडा, एक ढालकिडा, आणि कुणाच्याही अध्यात-मध्यात नसलेला एक रातकिडा. फिरायला नेलं की तो इतर कुत्र्यांकडे बघायचा नाही, गवतात नाक घालून बसायचा.

सल्ला मागायला मी खालच्या मजल्यावरच्या वकिलांकडे गेलो, ही पहिली चूक. सल्ला मागायचा तर आपल्या प्रश्नापेक्षा लहान माणसाकडे मागावा. वकिलांनी डोळे मिटून विचारलं, "किडा खाल्ला तेव्हा जिवंत होता की मृत?"

"जिवंत होता."

"कुत्र्याच्या हद्दीत होता की सार्वजनिक जागेत?"

"माझ्या बुटात होता."

"मग अडचण आहे," वकील म्हणाले. काय अडचण आहे ते मात्र त्यांनी सांगितलं नाही. पण जिना चढताना मला उगीचच गुन्हेगारासारखं वाटत होतं.

शेजारचे कॅप्टन हे कधीही कॅप्टन नव्हते. जहाजावर कोठार सांभाळायचे. पण टोपी त्यांनी जपून ठेवली होती आणि ती घालूनच ते दूध आणायला जात. ते म्हणाले, "अहो, मी फिरलोय त्या बंदरांवर माणसं तळून खातात किडे. मी स्वतः खाल्लेत. चव काय विचारता!"

मी विचारली नव्हती, तरी त्यांनी सांगितली. त्या दिवशीही मी डबा परत आणला.

आता अधिकृत मत घ्यायला हवं होतं. पालिकेच्या कचेरीत प्राण्यांचा विभाग आहे, तिथे मी अर्ध्या दिवसाची रजा टाकून गेलो. खिडकीमागच्या कारकुनाने माझं सगळं ऐकून घेतलं आणि समाधानाने मान हलवली. ज्याचं काम आपलं नाही अशा माणसाला बघून कारकुनाला होतो तो हा आनंद.

"हे आमच्याकडे नाही. कुत्रा आमच्याकडे. किडा आरोग्य विभागाकडे."

"पण किडा कुत्र्याच्या पोटात आहे."

"पोटात गेल्यावर आमच्याकडे. पण जाण्याआधी तो कुठला किडा होता, हे आरोग्य विभागानं सांगायला हवं. तुम्ही किडा आणलाय?"

"तो खाल्ला ना त्याने!"

"मग दुसरा आणा. तसलाच."

माणसाचा स्वाभिमान कुठल्या पायरीवर सांडतो हे त्याला त्या वेळी कळत नाही. पुढच्या वेळी मी काचेच्या बरणीत दोन झुरळं, एक नाकतोडा आणि एक ढालकिडा घेऊन आरोग्य विभागात गेलो. झाकणाला भोकं पाडली होती, कारण पुरावा जिवंत हवा. रांगेत माझ्या पुढे एक बाई होत्या. त्यांनी विचारलं, "लोणचं का?" आणि नीट बघायला म्हणून बरणी माझ्या हातातून घेतली. नंतर त्यांनी ती खाली ठेवली असं म्हणता येणार नाही. त्यांनी ती सोडली.

नाकतोडा कुणाच्या टेबलावर गेला, झुरळं कुणाच्या साडीवर गेली, आणि मला कुणी बाहेर नेलं, हे मी सांगत बसत नाही. एवढं सांगतो, की त्या गर्दीत आमच्या ऑफिसातला एक सहकारी स्वतःच्या कामासाठी आला होता. दुसऱ्या दिवशी साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावून अतिशय हळुवार आवाजात विचारलं, "घरी सगळं ठीक आहे ना?" शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

इकडे वकिलांनी माझा प्रश्न इमारतीच्या समितीपुढे नेला होता. तिथे त्याचं रूप बदललं. 'कुत्र्याने झुरळ खावं का' ऐवजी 'इमारतीत झुरळं आहेत अशी एका रहिवाशाची तक्रार' असं झालं आणि समितीने एकमताने औषध फवारायचं ठरवलं. मला न विचारता माझ्याच नावावर. मला मात्र आनंद झाला. प्रश्नच मुळापासून मिटणार होता. झुरळ नाही, तर झुरळ खाणं नाही.

"आणि अप्पा, हा डबा बघा," बायको त्याच सुमाराला एकदा कौतुकाने म्हणाली, "कुत्र्याच्या खाण्याचा डबा किती दिवस पुरला या वेळी!"

"माप," अप्पा म्हणाले. "हातात माप असलं की सगळं पुरतं, सूनबाई."

फवारणीवाले आले तेव्हा सकाळ होती. तोंडाला फडकं बांधलेली माणसं, पाठीवर टाक्या. त्यांनी बजावलं, की संध्याकाळपर्यंत फरशी पुसायची नाही आणि कुत्र्याला आतल्या खोलीतून बाहेर सोडायचं नाही. मी ते अप्पांना सांगितलं. पुन्हा सांगितलं. "अरे, मी काय लहान आहे?" असं ते म्हणाले. आम्ही दोघं कामाला गेलो.

दुपारी कॅप्टनचा फोन आला. आवाज कॅप्टनसारखा नव्हता. "लगेच या. कुत्र्याचं काही खरं नाही."

मी पोचलो तेव्हा पावशेर बाहेरच्या खोलीत आडवा होता. तोंडाला फेस, मागचे पाय थरथरत होते. आजूबाजूला झुरळं उताणी पडली होती, काही अजून वळवळत होती. धावायची ताकद नसलेली झुरळं. त्याला आयतीच मिळाली होती. अप्पा त्याच्याजवळ जमिनीवर बसले होते आणि पुन्हा पुन्हा म्हणत होते, "दार कुणी उघडलं? कोण आलं होतं?"

कुणीच आलं नव्हतं.

कॅप्टनने पावशेरला उचललं. त्यांचं वय बघता ते ओझं त्यांनी उचलायला नको होतं, पण मी अप्पांना हात देऊन उठवत होतो. त्यांच्या गाडीत मागच्या बाजूला मी, अप्पा आणि अप्पांच्या मांडीवर पावशेरचं डोकं. त्याआधी उतरताना वकील जिन्यात भेटले. त्यांनी तोंड उघडलं, कुत्र्याकडे पाहिलं, आणि काही न बोलता इमारतीचं दार धरून उभे राहिले. इतक्या वर्षांत त्यांनी मला दिलेला तो एकमेव उपयोगी सल्ला.

जनावरांच्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या आणि त्यांचा हात भराभर चालत होता. सलाइन लावलं, सुया दिल्या, पोट साफ केलं. आम्ही बाकावर बसून राहिलो. किती वेळ गेला माहीत नाही. मग पावशेरचं थरथरणं हळूहळू कमी झालं. बाई हात पुसत बाहेर आल्या.

"वाचेल. किड्यांनी काही झालं नाही, किड्यांवरच्या औषधानं झालं. फरशीही चाटली असेल."

मी इतक्या दिवसांचा माझा प्रश्न अखेर योग्य माणसाला विचारला. "म्हणजे एरवी किडे खाल्ले तर चालतात?"

"एखादी माशी, नाकतोडा, रातकिडा खाल्ला तर काही बिघडत नाही. कुत्री खातातच. केसाळ सुरवंट नको, तोंड सुजतं. मधमाशी, गांधीलमाशी नको. झुरळांतून आणि ढालकिड्यांतून पोटात जंत जातात, म्हणून जंताचं औषध वेळच्या वेळी द्यायचं. आणि औषध मारलेला किडा कधीच नको." त्या थांबल्या. "पण तुम्हाला खरं विचारायला हवं होतं ते वेगळंच. हा इतके किडे का खातोय?"

"हौस आहे त्याला," अप्पा म्हणाले.

बाईंनी माझा हात धरला आणि पावशेरच्या कुशीवर, त्या दाट केसांच्या आत ठेवला. माझ्या बोटांना एकेक फासळी लागली. वरून वासराएवढा दिसणारा कुत्रा आतून नुसता सांगाडा होता.

"उपाशी आहे तो," बाई म्हणाल्या. "बऱ्याच दिवसांपासून."

"शक्यच नाही," अप्पा ताठ उभे राहिले. तो जुना निरीक्षकाचा आवाज. "दोन्ही वेळा मी स्वतः तोलून घालतो. एक दाणा इकडचा तिकडे होत नाही."

संध्याकाळी आम्ही पावशेरला घरी आणलं. बायकोने तोवर सगळं घर धुऊन काढलं होतं. "त्याला थोडं थोडं खायला द्या," असं बाईंनी सांगितलं होतं. अप्पा उठले. "मी देतो." त्या दिवशी पहिल्यांदाच मी त्यांच्यामागून स्वयंपाकघरात गेलो. त्यांना ते आवडलं नाही.

त्यांनी तराजू मांडला. एका पारड्यात वजन ठेवलं. डब्यातून दाणे काढून दुसऱ्या पारड्यात घातले, दोन उचलले, एक परत टाकला. काटा मधोमध आला. त्यांनी श्वास रोखून तो स्थिर होऊ दिला. मग ते पारडं उचललं, आणि सगळे दाणे पुन्हा डब्यात ओतले. झाकण घट्ट लावलं. पावशेरची रिकामी ताटली नळाखाली धरली, धुतली, पुसली, जागेवर ठेवली.

"झालं," ते माझ्याकडे वळून म्हणाले. चेहऱ्यावर काम चोख झाल्याचं समाधान.

दारात पावशेर उभा होता. पाय अजून लटपटत होते. त्याने अप्पांकडे बघून शेपूट हलवली, जशी पोट भरल्यावर हलवतात तशी, आणि हळूहळू गॅलरीकडे गेला. कुंड्यांच्या मागे नाक घालून शोधायला लागला. किती दिवस तो हेच करत असेल! एकदाही भुंकला नाही, ताटली ओढली नाही, कुणाकडे तक्रार केली नाही. अप्पांनी 'झालं' म्हटलं की झालं, एवढंच त्याला ठाऊक.

मी अप्पांना बसवलं आणि सांगितलं. बायको दाराशी उभी होती. अप्पांनी सगळं ऐकून घेतलं. डबा उघडून आत पाहिलं. मग ते गॅलरीत गेले, पावशेरजवळ जमिनीवर बसले, आणि त्याच्या केसांत हात घालून फासळ्या चाचपत राहिले, जणू तिथलंही काहीतरी मोजायचं होतं.

"आयुष्यभर लोकांची खोटी मापं पकडली मी," ते म्हणाले. "कधीपासून रे?"

"माहीत नाही, अप्पा."

"हा काही बोलला पण नाही."

"नाही."

त्यांनी मान खाली घातली. माझ्या वडिलांना मी आईच्या वेळीही रडताना पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते उठले, तराजू मांडला, दाणे तोलले आणि डब्यात ओतले. "झालं."

मी पुन्हा सांगितलं. त्यांनी पुन्हा पहिल्यांदाच ऐकलं. पुन्हा डबा उघडला, पुन्हा गॅलरीत जाऊन बसले, पुन्हा विचारलं, "कधीपासून रे?" तिसऱ्या दिवशी मी तोंड उघडणार, तेवढ्यात बायकोने माझा दंड धरून मला बाहेर ओढलं. ती बाई झुरळाला पाहून खुर्चीवर चढते, पण त्या दिवशी तिचा आवाज हलला नाही.

"पुरे. दुःख माणसाला एकदा झालं की झालं. तुम्ही त्यांना रोज नवीन देताय."

"पण कुत्रा?"

"कुत्र्याचं मी बघते. त्यांना तोलू द्या."

मग तसंच चाललं. अप्पा उठायच्या आधी बायको पावशेरला पोटभर घालायची. मग अप्पांचा तराजू, अप्पांचे दाणे, अप्पांचं 'झालं'. मधूनच एखाद्या दिवशी त्यांचा हात डब्याऐवजी ताटलीकडे वळायचा, आणि त्या दिवशी पावशेर दुसऱ्यांदा जेवायचा. कॅप्टनला कुणीतरी हे सगळं सांगितलं असावं, कारण तेही टोपीत काहीतरी लपवून आणायला लागले. अप्पांना आम्ही मेंदूच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी सौम्य शब्दांत सांगितलं, की हे विसरणं आता वाढतच जाणार. परतताना अप्पा गाडीच्या खिडकीतून बाहेर बघत होते आणि एका दुकानाची पाटी वाचून म्हणाले, "याचा काटा तपासायला हवा."

काही महिन्यांत पावशेर एवढा सुटला, की डॉक्टरीणबाई मला रागावल्या. "आधी उपाशी, आता हे! तुमच्या घरी मधलं काही नाहीच का?" मी सगळं ऐकून घेतलं. दावे तपासणाऱ्या माणसाला एवढं कळतं, की काही आरोप नाकारायचे नसतात.

किडे खाणं त्याने सोडलं. झुरळ समोरून गेलं तरी तो मान फिरवायचा.

अप्पा मात्र बारीक होत गेले. एकेक गोष्ट गळत गेली. तराजू कसा लावायचा ते एक दिवस त्यांना आठवेना, आणि मग आठवत नाही हेही आठवेना. बायकोला ते 'ताई' म्हणायला लागले. मला 'साहेब'.

परवा दुपारी ते गॅलरीत खुर्चीत बसले होते. पावशेर आला. आता चालताना त्याचं पोट जमिनीला टेकतं. त्याने अप्पांच्या गुडघ्यावर डोकं ठेवलं. अप्पांनी त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं.

"साहेब, हे कुणाचं कुत्रं?"

मी जवळ गेलो. "इथलंच आहे, अप्पा."

"चांगलं आहे." त्यांनी त्याच्या कानामागे हळूच खाजवलं. मग त्यांच्या कपाळाला आठी पडली. "पण उपाशी दिसतंय हो बिचारं. कुणी बघत नाही वाटतं याच्याकडे. याला काहीतरी खायला घाला."

नुकताच पोटभर जेवलेला तो कुत्रा माझ्याकडे बघत होता.

"घालतो, अप्पा," मी म्हणालो, आणि ताटली आणायला उठलो.